टाइम-शेअरिंग सिस्टिम (एकच मशीन एकाच वेळी अनेक जण वापरतात ती) नीट चालतेय की नाही हे सीपीयू युटिलायझेशन (सीपीयू किती टक्के वेळ कामात आहे) बघून ठरवता येतं का?

नाही. उत्तर एवढंच आहे, पण प्रश्न वाचला आणि जुनी जखम उघडी पडली.

९४ साली जळगावकडच्या एका कॉलेजात मी लॅब सांभाळायचो. एक ४८६, ८ एमबी मेमरी, वर युनिक्स आणि १६ डंब टर्मिनल, म्हणजे नुसते पडदा न् कीबोर्ड, काम सगळं त्या एका मशीनवर. सकाळी चार-पाच पोरं असली की मशीन मस्त पळायचं, प्रॅक्टिकलला पूर्ण बॅच बसली की एंटर मारायचा आणि पंख्याकडे बघत बसायचं. आमचा शिपाई विचारायचा, "काय करी राह्यनं हाई मशीन?" शेवटी मशीन विकणाऱ्यांचा माणूस पुण्याहून आला, रिकाम्या लॅबमध्ये एकट्याने टेस्ट प्रोग्रॅम चालवला, झकास चालला, मग बॅच चालू असताना पाच मिनिटं सार (मशीनचा वापर दाखवणारी युनिक्सची कमांड) बघितलं आणि म्हणे सीपीयू ४० टक्केच वापरात आहे, मशीनला कामच नाही, तुमचा ऑपरेटर कच्चा आहे. आणि एचओडी सरांनी मान डोलावली!

अरे, सीपीयू मोकळा होता कारण सगळी कामं डिस्कच्या दारात उभी होती. मेमरी पुरत नव्हती, सतत स्वॅपिंग, म्हणजे मेमरीतली कामं डिस्कवर टाक, परत आण, डिस्कचा दिवा विझतच नव्हता. केळीच्या सीझनला रावेरकडे काट्यावर ट्रकांची रांग लागते तेव्हा पुढचे हमाल बसूनच असतात, म्हणून काय माल नाही म्हणायचं का?

मग मी दोन दिवस वही आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन बसलो. बॅच भरलेली असताना दोन सेकंदाला एक काम, म्हणजे सेकंदाला ०.५ काम उरकत होतं, आणि उत्तर आल्यावर पुढचा एंटर मारायला पोरं सरासरी २० सेकंद घ्यायची. १६ भागिले ०.५ म्हणजे ३२, त्यातून २० वजा, राहिले १२ सेकंद, हाच रिस्पॉन्स टाइम, म्हणजे एंटर मारल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, घड्याळातही तेवढाच. डिस्कला एका कामाला २ सेकंद लागतात असं धरलं तर २० अधिक २ भागिले २, म्हणजे अकरा टर्मिनलपर्यंत ठीक, पुढचं प्रत्येक पोरगं सगळ्यांचे दोन-दोन सेकंद खाणार. हे काही माझं डोकं नाही, १९६५ मध्येच एमआयटीच्या ॲलन शेर यांनी सीटीएसएस या सुरुवातीच्या टाइम-शेअरिंग सिस्टिमवर पीएचडी करताना असलंच साधं मॉडेल लावलं होतं आणि ते प्रत्यक्ष मोजमापाशी जुळलं होतं. सरांनी वही उघडलीसुद्धा नाही.

तर तुम्ही रिस्पॉन्स टाइम मोजा, तोही भर गर्दीत, बसलेल्या माणसाच्या बाजूने. रिकाम्या मशीनवरची टेस्ट दाखवणाऱ्याला चहा पाजून रवाना करा.

हां, एक राहिलं, अकराचा आकडा एका कामाला लागणारा डिस्कचा वेळ कायम धरून आहे, स्वॅपिंग असलं की माणसं वाढतील तसा तोही वाढतो, मी मोजलेले दोन सेकंद सोळा जणांच्या गर्दीतले, कमी माणसांत तो वेळ कमीच, म्हणजे खरी हद्द अकराच्या थोडी पलीकडे असते, पण ती ओलांडली की घसरण जास्त जोरात. आणि एलएस (फाइलींची यादी, क्षणाचं काम) न् कंपाइल (प्रोग्रॅम तयार करणं, वेळखाऊ काम) एकाच सरासरीत घालू नका, मी घातले होते.

पुढच्या वर्षी मेमरी १६ एमबी केली, तीच १६ पोरं, डिस्क शांत. ऑपरेटर पण तोच होता सर, वाचत असाल तर.