सोल्डरिंग गन आधी कपाटातून काढा

प्रश्न : मुलाला अंतराळयानांची रचना करायची आहे. बारावीनंतर एक वर्ष गॅप घेऊन तो दुसऱ्यांदा जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसला, रँक आली नाही. गावाजवळच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळतोय, पण एरोस्पेसशिवाय इस्रोत कोण घेणार? आम्ही आणखी एक वर्ष गॅपचं ठरवलंय. आठवीपासून रेडिओ उघडून बसायचा नाद आहे, म्हणून सोल्डरिंग गन कपाटात बंद ठेवली आहे. – एक पालक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात मी अडकलो ते त्या कपाटापाशी. ज्याला तुम्ही नाद म्हणता, तीच त्याची या क्षेत्रातली खरी तयारी होती, आणि ती तुम्ही कुलपात घातलीत. पत्रभर ‘आम्ही ठरवलंय’ आहे. त्याला काय वाटतं याची एक ओळही नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मला हे रँकपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

गॅपचं म्हणाल तर अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ-अभियांत्रिकीच्या सरकारी संस्थेचा बी.टेक. प्रवेशही त्याच रँकवर होतो. ती वाट संपली.

आता एरोस्पेसचं. यान म्हणजे वीजपुरवठा, तापमान, दिशा, संदेशवहन अशा अनेक उपप्रणाली, आणि ग्रॅम-ग्रॅम वजनासाठी, वॉट-वॉट विजेसाठी त्यांची आपसातली ओढाताण. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 या रॉकेटमधून अवकाशात गेला. जेमतेम किलोभराचा उपग्रह. दिशा धरायला त्यात मोटर नव्हती. कायमचुंबक बसवला, तो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळतो. हेलकावे शमवायला खास धातूच्या कांड्या. त्यासाठी वीज शून्य! असा तोडगा सुचायला पदवीवर ‘एरोस्पेस’ छापलेलं लागत नाही. इस्रो अभियंत्यांची भरती करते तीही प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या पदवीधरांतून, बी.ई.ला 65 टक्के ही किमान अट, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत.

माझ्या मते इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं. पण हे मी तुम्हाला सांगून उपयोग नाही. आज संध्याकाळी कपाटाची किल्ली त्याच्या हातात द्या आणि हा प्रवेश त्याला हवाय का, ते विचारा. तो बोलायला वेळ घेईल. मधे बोलू नका.