नेत्रविचार: वाचकांचे प्रश्न
प्रश्न: माझे वय 46 आहे. दोन वर्षांपासून सुईत दोरा ओवताना आणि औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचताना त्रास होतो. सीताबर्डीवरून तयार चष्मा आणला, त्याने छान दिसते. माझ्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली. मला स्वतःला काहीच त्रास नाही, तरीही डोळे तपासून घ्यावेत का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, अवश्य घ्यावेत आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नयेत. तुम्हाला लागली आहे ती चाळिशी. या वयात डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला जो फुगवटा घ्यावा लागतो तो पुरेसा घेता येत नाही. हा आजार नव्हे. तयार चष्म्याने डोळा बिघडत नाही. त्याच्या दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो आणि सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा, नंबर त्यात धरलेला नसतो, एवढी त्याची उणीव. मला खटकते ते वेगळेच. चाळिशीच्या नंबरासाठी डॉक्टरांकडे जाणे होते तेव्हाच काचबिंदूची पहिली तपासणीही होऊन जाते, आणि फुटपाथवरच्या चष्म्यामुळे नेमकी तीच भेट टळते.

डोळ्यात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून त्याचा निचरा होत असतो. काचबिंदूत बहुधा हा निचरा मंदावतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळत जाते. बहुतेकदा डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर जाते ती आधी कडेकडेने, आणि मधली नजर बराच काळ शाबूत राहत असल्यामुळे भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळसुद्धा माणूस घडाघडा वाचतो. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना आपला डावा डोळा जवळजवळ गेला आहे हे उन्हातून घरी आल्यावर कळले: दुपट्ट्याने तोंड पुसताना उजवा डोळा झाकला गेला आणि समोरचे दार दिसेनासे झाले. तोवर दोन्ही डोळे उघडे असताना उजवा डोळा डाव्याची उणीव भरून काढत होता. त्यांच्याही वडिलांना काचबिंदू होता, आणि हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितले. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर तो आपल्याला होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी अधिक असते.

केवळ दाब मोजून घेऊन परत येऊ नका. तो साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर इतका असतो. मात्र काहींच्या बाबतीत दाब या मर्यादेत असूनही नस खराब होत जाते. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून नस पाहायला सांगा आणि डॉक्टरांनी सुचवल्यास फील्ड टेस्टही करून घ्या. या चाचणीत एक डोळा झाकून, वाडग्यासारख्या यंत्राच्या कडेला हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे पाहत राहायचे आणि कुठेही प्रकाशाचा बारीक ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. काही ठिपके सुटणारच, म्हणून घाबरू नका. बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते आणि आपले नागपूरचे ऊन सोसत नाही, तेव्हा गॉगल न्या आणि स्कूटर चालवायला कोणाला तरी सोबत घ्या. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.

वाळलेली नस पुन्हा सुधारत नाही. थेंबांनी, लेसरने किंवा शस्त्रक्रियेने दाब उतरवून उरलेली नजर मात्र टिकवता येते. थेंब सुरू झाले तर ते रोज, ठरल्या वेळी आणि बहुधा जन्मभर घालावे लागतील. आणखी एक, तुमच्या भावंडांनाही तपासणीला पाठवा.

प्रश्न: माझ्या 9 वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांना दर वर्षी मार्चपासून फार खाज सुटते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या एका थेंबाने दोन दिवसांत आराम पडतो. तोच थेंब उन्हाळाभर घालत राहिले तर चालेल का?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर: चालणार नाही. आपल्या कोरड्या, धुळीच्या हवेत ही ॲलर्जी मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, पुष्कळ दिसते आणि वयात येता येता बहुधा ओसरते. आज घरी बाटलीवरचे नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असे काही लिहिलेले असेल तर तो स्टेरॉईडचा थेंब आहे. त्याने आराम झटकन पडतो, पण देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातला दाब वाढून शाळकरी मुलालाही काचबिंदू होऊ शकतो, आणि मोतीबिंदूही. हे थेंब चिठ्ठीशिवाय विकायचे नसतात. तरी ते मिळतात, याचे मला फार वाईट वाटते. मुलाला याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि ती बाटली सोबत न्या. दीर्घकाळ घालता येतील असे ॲलर्जीचे दुसरे थेंब आहेत. तोवर गार पाण्याच्या घड्या ठेवा, कूलरचा झोत थेट तोंडावर येऊ देऊ नका आणि डोळे चोळू देऊ नका, कारण सतत चोळल्याने बुबुळाचा आकारच बिघडू शकतो.

प्रश्न: आईचा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. दिवाळीनंतर थंडीत शस्त्रक्रिया करावी, असे सगळे म्हणतात.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: पिकण्याची वाट पाहण्याचे कारण जुन्या पद्धतीबरोबर गेले. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होते, टाके सहसा लागत नाहीत, त्यामुळे ऋतूचाही अडसर नाही. उलट मोतीबिंदू फार कडक झाला तर तो फोडणे अवघड जाते. आईला पोळी लाटताना, जिना उतरताना किंवा संध्याकाळी रस्ता ओलांडताना अडचण येत असेल, तर तारीख आताच घ्या. मधुमेह असल्यास शस्त्रक्रियेआधी डोळ्याच्या आतला मागचा पडदा तपासून घ्यायला विसरू नका.