ओझीशिवायचा ब्लॅक सॅबथ ऐकावा की सोडून द्यावा?

प्रश्न असा आहे की ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड नव्याने ऐकायला घेताना कोणत्या अल्बमपासून सुरुवात करावी, आणि त्याचा पहिला गायक ओझी ऑस्बॉर्न नसतानाचे अल्बम ऐकण्याजोगे आहेत की सरळ सोडून द्यावेत. पहिल्या भागाचे उत्तर कोणीही देऊ शकेल; मी लिहायला बसलो आहे तो दुसऱ्या भागासाठी. ‘ओझी नाही तर सॅबथ नाही’ हे वाक्य मी कॉलेजच्या दिवसांपासून ऐकत आलो आहे, आणि ते ठामपणे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 1979 नंतरचा एकही अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला नसतो, हा माझा अनुभव आहे.

माझे मत स्पष्ट आहे. ब्लॅक सॅबथ म्हणजे त्याचा गिटारवादक टोनी आयोमी. 1968 साली बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात हा बँड उभा राहिला, तेव्हापासून 2017 सालच्या निरोपाच्या दौऱ्यापर्यंत प्रत्येक अल्बमवर असलेला तो एकटाच माणूस आहे. गायक बदलले, ड्रमर बदलले, बेसवर गीझर बटलर जात-येत राहिला, व्यवस्थापकाशी कोर्टकचेऱ्या झाल्या, रेकॉर्ड कंपन्या बदलल्या, तरीही नवी चाल बांधून पुढचा अल्बम उभा करण्याचे काम त्याने सोडले नाही. आणि हे त्याने कोणत्या हाताने केले, तेही पाहावे. वयाच्या सतराव्या वर्षी तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. संगीतासाठी नोकरी सोडण्याचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी घरी जेवायला आला असताना परत जायला त्याचे मन तयार नव्हते, पण काम पुरे करून ये, असे आईने सांगितले. त्या दुपारी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच होता. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. त्या वादकाची दोन बोटे आगीत भाजून निकामी झालेली असतानाही तो असा वाजवत होता. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, पातळ तारा लावल्या, आणि 1971 सालच्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमपर्यंत गिटार दीड सुराने खाली उतरवली. तारा सैल पडल्या, आवाज जड आणि खोल झाला, आणि पुढच्या साऱ्या हेवी मेटलने तोच आवाज उचलला.

हा तपशील मी मुद्दाम इतका विस्ताराने देतो आहे, कारण आमच्या बँडचा गिटारवादक भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवर, पाळी करायचा आणि ही गोष्ट त्याला तोंडपाठ होती. आमचा बँड नव्वदच्या दशकातला, पुण्याचा, आणि तो कोणाला माहीत असण्याचे कारण नाही. मी बेस वाजवत असे. कोथरूडला एकाच्या बंगल्याचे गॅरेज रविवारी मिळायचे, तिथे आमची प्रॅक्टिस चाले. आमचा पहिला गायक देखणा होता, लोकांना खेळवणारा होता, त्याचा आवाजही चांगला होता; पण प्रॅक्टिसला यायचा तो मनाला येईल तेव्हा. गिटारवादक रात्रपाळी संपवून, झोप न घेता, सकाळी नऊला तारा जुळवून तयार असे, आणि आम्ही तिघे गायकाची वाट पाहत बसत असू. एका महाविद्यालयाच्या महोत्सवाच्या तोंडावर या गायकाने मुंबईच्या दुसऱ्या बँडची वाट धरली आणि आम्हाला तसे कळवलेही नाही. आम्हाला ते तिसऱ्याच माणसाकडून समजले.

तेव्हा गिटारवादकाने मिरजेचा एक मुलगा शोधून आणला. घरात शास्त्रीय गाण्याचे वळण होते, त्यामुळे तार सप्तकात आवाज स्थिर ठेवणे त्याला सहज जमे. शनिवारी रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून तो पहाटे पुण्यात उतरायचा, स्टेशनवरच चहा घेऊन उजाडेपर्यंत बसायचा आणि पहिल्या बसने कोथरूडला यायचा. त्याने आमची जुनी गाणी शिकून घेतली आणि नवी गाणी आमच्याबरोबर बसून बांधली. महोत्सवात तो मंचावर आला तेव्हा समोरची पोरे जुन्या गायकाच्या नावाने ओरडत होती. पहिली दोन गाणी त्याने त्या गोंगाटातच म्हटली. तिसरे गाणे आमचे स्वतःचे, त्याच्या आवाजासाठी गिटारवादकाने बांधलेले होते, आणि त्यात शेवटी एक लांब सूर लावायचा होता. तो सूर त्याने लावला, धरून ठेवला, आणि पुढच्या ओळीपर्यंत मैदान शांत झाले होते. त्यानंतर बरीच वर्षे तो आमचा गायक होता. आमचे जेवढे म्हणून चांगले काम झाले, ते त्याच्या काळात झाले.

पुढे बँड संपला, जो तो नोकरी-संसाराला लागला. अलीकडे कोणाच्या तरी डोक्यात आले की जुन्या लोकांनी एकदा एकत्र वाजवावे. हॉल ठरला, पोस्टर तयार झाले, आणि त्यावर पहिल्या गायकासह मूळ चौघांचीच नावे होती. मी ग्रुपवर विचारले की मिरजेच्या मित्राला कोणी कळवले आहे का. पहिल्या गायकाचे उत्तर आले, “तो बदली होता. लोक ओरिजिनल बघायला येतायत.” बाकीच्यांनी त्यावर अंगठे दाखवले. मी त्या कार्यक्रमात वाजवले नाही, आणि ते योग्यच केले असे मला आजही वाटते.

ओझीनंतरच्या गायकांपैकी टोनी मार्टिन या विसरल्या गेलेल्या गायकाबद्दल मी का बोलतो, हे आता लक्षात येईल. 1979 साली ओझीला काढले तेव्हा चौघेही दारू आणि कोकेनमध्ये बुडालेले होते, पण काम पुढे सरकत नव्हते ते गायकामुळे, असे आयोमीचे म्हणणे होते. ही बातमी ओझीला सांगण्याचे काम मूळ ड्रमर बिल वॉर्डवर आले. त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला, 1980 साली ‘हेवन अँड हेल’ निघाला, आणि बँड वाचला. डिओचा मोठेपणा आता सगळेच मान्य करतात, त्यामुळे त्यावर मी शब्द खर्च करत नाही. पुढे ‘लाइव्ह इव्हिल’ या मैफलीच्या अल्बमच्या ध्वनिमिश्रणावरून भांडण झाले आणि डिओ गेला. 1983 साली डीप पर्पल या बँडचा गायक इयन गिलन एका अल्बमपुरता आला, आणि त्या दौऱ्यासाठी केलेला स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाचा देखावा इतका अवाढव्य झाला की तो मंचांवर मावेना. 1986 साली आयोमीला स्वतःच्या नावाने काढायचा असलेला ‘सेव्हन्थ स्टार’ हा अल्बम कंपनीच्या आग्रहाने बँडच्या नावावर आला, त्यातला गायक ग्लेन ह्यूज दौरा सुरू होताच बाद झाला, आणि त्याच्या जागी घेतलेला रे गिलेन पुढचा अल्बम गाऊन तो बाजारात येण्याआधीच निघून गेला.

अशा पडझडीत, 1987 साली, बर्मिंगहॅमच्याच टोनी मार्टिनला बोलावले गेले. दुसऱ्याने गायिलेल्या ‘द इटर्नल आयडॉल’वर त्याला आपला आवाज नव्याने भरायचा होता, आणि त्याने तो भरला. त्यानंतर ड्रमर कोझी पॉवेल बँडमध्ये आला आणि 1989 साली ‘हेडलेस क्रॉस’ निघाला. त्याच वर्षी अमेरिकेतला दौरा तिकिटे खपत नाहीत म्हणून मध्येच आवरावा लागला, पण नोव्हेंबरमध्ये हाच बँड मॉस्को आणि लेनिनग्राडला वाजवून आला. 1990 साली ‘टीर’ आला. मग 1991 साली डिओ परत येतो म्हटल्यावर मार्टिनला बाजूला करण्यात आले. डिओने एक अल्बम केला, आणि 1992 साली कॅलिफोर्नियात ओझीच्या एकल कारकिर्दीच्या निरोपाच्या कार्यक्रमांत आधी वाजवायला नकार देऊन तो बाहेर पडला. तिथे ज्यूडस प्रीस्ट या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड ऐनवेळी उभा राहिला. त्यानंतर हाक पुन्हा मार्टिनलाच गेली. तो आला आणि आणखी दोन अल्बम गायला. एकूण पाच अल्बम. ओझीनंतर एवढे अल्बम दुसऱ्या कोणत्याही गायकाने या बँडसाठी केलेले नाहीत.

मग 1997 साली ओझी परतला, सारे जग आनंदले, आणि मार्टिनचे नाव इतक्या वेगाने पुसले गेले की 1989 ते 1995 या काळातले अल्बम वर्षानुवर्षे दुकानांत मिळेनासे झाले. 2006 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकेतल्या मानाच्या यादीत बँडचा समावेश झाला, त्यात फक्त मूळ चौघे होते. त्यांत डिओचेही नाव नव्हते. 1979 पासून कीबोर्ड वाजवणारा जेफ निकल्स वर्षानुवर्षे मंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी उभा राहून साथ करत होता, त्याची तर कोणी दखलही घेतली नाही. या गोष्टी नव्या ऐकणाऱ्याला ठाऊक नसतात, आणि माहीत करून देणाऱ्यांना त्यांत रस नसतो.

याचा अर्थ मी ओझीला कमी लेखतो असा कोणी घेऊ नये. 1970 ते 1975 या काळातले पहिले सहा अल्बम हा पाया आहे, त्यांतले बहुतेक शब्द गीझर बटलरचे आहेत, आणि ते शब्द ओझीच्या त्या सरळ, घाबरलेल्या आवाजातच खरे वाटतात. 5 जुलै 2025 रोजी ॲस्टनच्या व्हिला पार्कमध्ये मूळ चौघांनी शेवटची चार गाणी केली, ओझी खुर्चीत बसून गायला, आणि 22 जुलैला तो गेला; तो कार्यक्रम पाहताना माझेही डोळे भरून आले. बिल वॉर्ड त्या दिवशी ड्रम्सवर होता, याचा मला विशेष आनंद आहे, कारण 2012 साली कराराच्या अटी मान्य नाहीत म्हणून तो बाजूला झाला होता आणि 2013 सालचा ‘13’ हा अल्बम व 2017 सालचा निरोप त्याच्याशिवायच झाला होता. मूळ माणसांनाही बँड बाहेर ठेवू शकतो, हे ‘ओरिजिनल’चा जप करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आयोमीही या प्रकरणात निर्दोष नाही, हे मला मान्य आहे. मार्टिनला दूर करून पुन्हा बोलावणारा बँड त्याचाच होता. 1995 सालचा ‘फॉरबिडन’ दुबळा अल्बम आहे, रॅपर आइस-टीला त्यात घेऊन काही साधले नाही, आणि मी मार्टिनचा कितीही पक्षपाती असलो तरी नवख्याला तो ऐकायला सांगणार नाही. 1986 सालच्या ‘सेव्हन्थ स्टार’ला सॅबथ न मानणाऱ्यांशीही माझा वाद नाही.

आता क्रमाविषयी. ‘पॅरानॉइड’ आणि ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ ऐका, मग ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’, मग थेट ‘हेवन अँड हेल’, आणि त्यानंतर ‘हेडलेस क्रॉस’. शेवटचा अल्बम हेडफोन लावून, मध्ये न थांबता ऐकावा. त्यातल्या एका गाण्यात क्वीन या बँडच्या ब्रायन मेने गिटार वाजवली आहे, तीही लक्ष देऊन ऐका. 2024 साली ‘ॲनो डॉमिनी’ या संचात मार्टिनच्या काळातले चार अल्बम पुन्हा प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यांत ‘फॉरबिडन’चे मिश्रण आयोमीने नव्याने केले आहे, त्यामुळे मिळत नाहीत ही सबब आता उरलेली नाही. ते ऐकून झाल्यावर आवडले नाहीत तर खुशाल तसे म्हणावे, मी वाद घालणार नाही. पण पोस्टरवरची नावे वाचून कोण खरा आणि कोण बदली हे ठरवणाऱ्यांचे ऐकून ते सोडून देऊ नयेत. मिरजेचा माझा मित्र आजही गातो. त्याला हे अल्बम मीच ऐकवले होते, आणि ‘टीर’ त्याला ‘हेडलेस क्रॉस’पेक्षा सरस वाटतो. या एका बाबतीत आमचे अजून जुळलेले नाही.