स्लिक टायरमध्ये हवा किती ठेवावी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे चिपळूणला लहानसे गॅरेज आहे. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली, चालकासह सुमारे हजार किलो भरणारी एक जुनी हॅचबॅक आम्ही ड्रॅग शर्यतीसाठी (थांबलेल्या स्थितीतून सुटून सरळ रेषेत वेग घेण्याच्या शर्यतीसाठी) तयार केली असून घाटावरच्या एका विमान-धावपट्टीवर ती 402 मीटरच्या शर्यतीत उतरवायची आहे. पुढे बायस-प्लाय जातीचे (आतल्या दोऱ्यांचे थर तिरके असलेले) स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर बसवले आहेत आणि त्यांत ट्यूब आहे. हवा किती ठेवावी, याबद्दल एकजण 8 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, असे दाबाचे माप) सांगतो, दुसरा 20 सांगतो आणि परदेशी व्हिडिओंत तिसराच आकडा असतो. नेमका आकडा कोणता धरावा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्याला मिळालेले दोन्ही आकडे कोणत्या ना कोणत्या गाडीसाठी बरोबर असतील, आपल्या गाडीला ते लागू पडतात का, हे मात्र तिच्या पहिल्या काही धावा झाल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. 20 चा आकडा बहुधा ड्रॅग रेडियलवरून (आतल्या दोऱ्या आडव्या असलेल्या ड्रॅग शर्यतीच्या टायरवरून) आलेला असावा, कारण त्या टायरमध्ये साधारण 15 ते 20 पीएसआय हवा ठेवतात. 8 चा आकडा मोठ्या व्यासाच्या, रुंद आणि मऊ साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीच्या) मागच्या स्लिकचा असण्याची शक्यता अधिक आहे. व्हिडिओंतल्या बहुतेक गाड्यांना मागच्या चाकांचा ड्राइव्ह असतो. त्या सुटताना वजन मागे सरकते आणि जोर लावणारी चाकेच जमिनीवर अधिक दाबली जातात. आपल्या गाडीत नेमके उलटे घडते : वजन मागे गेले की ओढणारी पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगही त्याच चाकांवर असते. त्यामुळे हवा फार उतरवली, तर पकड वाढण्याआधीच गाडी हातात राहत नाही.

टायर बनवणाऱ्याने किमान दाब दिलेला असेल, तर त्याच्या खाली जाऊ नये. ती मर्यादा सांभाळून आपल्यासारख्या हलक्या गाडीला 14 पीएसआयपासून सुरुवात करण्यास हरकत नाही. दोन्ही टायरमध्ये दाब अगदी सारखा असावा आणि बदल करायचा तो एका वेळी अर्ध्या पीएसआयचाच करावा. पंक्चरच्या दुकानातला 100 पर्यंतचा गेज येथे उपयोगाचा नाही, कारण त्यावर 14 आणि 15 मधला फरक काट्याच्या जाडीतच हरवून जातो. 0 ते 30 चा, अर्ध्या-अर्ध्या पीएसआयच्या खुणा असलेला एकच गेज घ्यावा आणि तोच कायम वापरावा. तो थोडा चुकीचा दाखवत असला तरी चालेल. दर वेळी सारखाच चुकला म्हणजे झाले.

यानंतर उत्तर दोन ठिकाणी शोधायचे असते. पहिले ठिकाण म्हणजे बर्नआउटनंतर, म्हणजे सुटण्याआधी चाके जागीच फिरवून टायर तापवल्यावर, जमिनीवर उमटलेला पट्टा. पट्टा मध्येच गडद आणि कडांना फिका असेल, तर हवा जास्त आहे आणि टायर मधल्या फुगवट्यावरच उभा आहे. कडा गडद आणि मधला भाग फिका असेल, तर हवा कमी आहे. दुसरे आणि अधिक भरवशाचे ठिकाण म्हणजे वेळेच्या चिठ्ठीवरचा पहिल्या 60 फुटांचा, म्हणजे सुमारे 18.3 मीटरचा आकडा. अर्धा पीएसआय उतरवल्यावर हा वेळ कमी होत असेल, तर आणखी अर्धा उतरवावा, आणि वेळ वाढू लागला की एक पाऊल मागे यावे. मात्र एका धावेवरून निष्कर्ष काढू नये. क्लच सोडण्यातली चूक टायरच्या माथी मारण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

पहिल्या 18 मीटरला गाडी उत्तम सुटते आणि शेवटच्या टप्प्यात मात्र डुलू लागते, असे झाल्यास वेळेचा मोह सोडून हवा अर्धा ते एक पीएसआय वाढवावी. रिमपासून टायरच्या बाजूवर खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. धावेनंतर ती तुटलेली दिसली, तर टायर रिमवर घसरला आहे असे समजावे. आपल्याकडे ट्यूब असल्यामुळे असे घसरणे अधिक धोक्याचे आहे, कारण ट्यूबचा व्हॉल्व तिरका होत होत मुळातून फाटू शकतो. मागच्या साध्या टायरमध्ये मात्र टायरवर दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून 35 पीएसआयच्या पुढे हवा ठेवावी, म्हणजे ते कमी अडवतात.

आता कोकणातून घाट चढण्याविषयी, कारण आपली फसगत तेथेच होण्याचा संभव अधिक आहे. गेज आतला पूर्ण दाब दाखवत नाही. आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक तेवढा दाखवतो. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब 14.7 पीएसआय असतो आणि लोणावळ्याच्या, म्हणजे साधारण 620 मीटरच्या उंचीवर तो सुमारे एक पीएसआयने कमी भरतो. म्हणजे चिपळूणला बरोबर 14 भरलेला टायर तितक्याच तापमानाला वर 15 दाखवेल. तापमानाचा परिणामही एवढाच मोठा आहे : 27 अंशांचा टायर 37 अंशांवर गेला, की 14 चे जवळजवळ 15 होतात. सकाळी सावलीत जमवलेली हवा दुपारी रांगेत बदललेली असते, आणि ऊन एकाच बाजूने येत असेल, तर दोन टायरही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून टायरवर कापड टाकून ठेवावे आणि प्रत्येक धावेपूर्वी, बर्नआउटच्या आधी, त्याच टप्प्यावर दाब मोजावा. घरी भरलेला आकडा वहीत लिहूच नये.

जाता जाता एक गोष्ट : ही चाचणी रात्री महामार्गाच्या मोकळ्या पट्ट्यावर घेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. शासनाच्या परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे.

प्रश्न : स्लिकमध्ये नायट्रोजन भरल्याने दाब स्थिर राहतो, हे खरे आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तापल्यावर नायट्रोजनही हवेइतकाच प्रसरण पावतो, त्याचा फायदा तो कोरडा असतो एवढाच आहे. आपल्या दमट किनारपट्टीवर कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी लवकर साचते. ते टायरमध्ये गेले, तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब अपेक्षेपेक्षा अधिक चढतो. टाकीचा खालचा नळ रोज उघडून पाणी काढले आणि पाइपवर पाणी अडवणारा फिल्टर बसवला, तर साधी हवा पुरेशी आहे.

प्रश्न : पावसाळ्याचे चार महिने गाडी उभीच असते. स्लिक तसेच लावून ठेवले तर चालतील का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : चालणार नाहीत. एवढ्या कमी हवेवर गाडी महिनोन्महिने उभी राहिली, की टायर एका जागी चपटा बसतो, आणि मऊ रबरातला तो चपटेपणा पूर्णपणे जाईलच असे नाही. स्लिक काढून साधी चाके लावावीत आणि स्लिक काळ्या पिशवीत बांधून अंधाऱ्या, कोरड्या खोलीत ठेवावेत. ती खोली पंपाची किंवा वेल्डिंगची नसावी, कारण विजेच्या ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो आणि त्याने रबराला चिरा पडतात. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा लावताना नख रुतवून पाहावे. रबर पूर्वीपेक्षा कडक लागले, तर गेल्या हंगामातला दाबाचा आकडा त्यांना लागू पडणार नाही आणि 14 पासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.