सासू-सासऱ्यांना ब्राझिलियन स्टेकहाउसमध्ये न्यावं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ऑफिसातल्या ब्राझिलियन मैत्रिणीने नेवार्कमधल्या तिच्या नेहमीच्या स्टेकहाउसचं इतकं कौतुक केलंय, की मुलगा माझ्या मागेच लागलाय. सध्या साताऱ्याहून सासू-सासरे आलेत. सासरे पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले. ते चिकन-मटण खातात, बीफ-पोर्क नाही. सासूबाईंना अंडंही चालत नाही. सगळ्यांनी मिळून जावं का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : जरूर जा. फक्त रोडीझियोला जाऊ नका, वजनावर जेवण देतात तिथे जा.

रोडीझियोत माणशी ठरलेले पैसे घेतात आणि वेटर सळ्या घेऊन टेबलाटेबलावर फिरतात. तुमच्यापुढची चकती हिरवी आहे तोवर वाढत राहतात, लाल केली की थांबतात. यातल्या बहुतेक सळ्या बीफच्या. सासऱ्यांच्या वाट्याला चिकन आणि असलंच तर लॅम्ब, सासूबाईंना नुसतं सॅलड. त्यासाठी दोघांचे पूर्ण पैसे कशाला भरायचे? शिवाय सारख्या समोर येणाऱ्या सळीला नको नको म्हणताना त्या दोघांना अवघडल्यासारखं होईल, आणि मला ते जास्त खटकतं.

नेवार्कच्या आयर्नबाउंड भागात वजनावर जेवण देणारी साधी ब्राझिलियन दुकानंही आहेत. ताट घ्यायचं, काउंटरवरून भात-भाजी वाढून घ्यायची, शेवटी शेगडीपाशी हवं ते बोट दाखवून मागायचं. ताटाचं वजन होतं, तेवढेच पैसे. मुलासाठी पिकान्या मागा. चरबीची कड बाहेर ठेवून, अर्धचंद्रासारखं वाकवून सळीत ओवलेला हा बीफचा तुकडा असतो. वर फक्त जाडं मीठ. बाहेरचा भाजलेला पातळ थर कापून देतात, उरलेला पुन्हा आगीवर जातो. कडेचाच काप मागून घ्या, चव तिथेच आहे.

सासऱ्यांसाठी चिकनच्या मांड्या किंवा कोंबडीची हृदयं घ्या. नीट भाजलेली असली तर फार चविष्ट लागतात. बेकन गुंडाळलेलं चिकन नको, आणि लिंग्वीसा हे सॉसेज सहसा पोर्कचं असतं. बऱ्याच शेगड्यांवर सळ्या वरखाली लावलेल्या असतात आणि वरची चरबी खालच्या मांसावर गळते. वरच्या रांगेतलं चिकन द्याल का, असं आधीच विचारा.

सासूबाईंच्या ताटाकडे मात्र तुम्ही स्वतः लक्ष द्या. काळ्या घेवड्याच्या उसळीत पोर्क असू शकतं, परतलेल्या पालेभाजीत बेकन. फारोफा म्हणजे कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, भाजलेलं पीठ, त्यातही बरेचदा बेकन किंवा अंडं घालतात. पाव दी केजू, म्हणजे चीजचे छोटे गोल पाव, त्याच कंदाच्या स्टार्चचे करतात, पण त्यात अंडं असतं. ‘काही नसतं हो त्यात’ म्हणून त्यांना काहीही वाढू नका. माणूस आयुष्यभर पाळत आलेली गोष्ट आपल्या सोयीसाठी मोडायची नसते. साधा भात, तळलेला कसावा, पामचा कोवळा गाभा, टोमॅटो-कांद्याची विनाग्रेत आणि तळलेली केळी एवढ्यात जेवण नीट होतं. भात आणि तळण कशात केलंय तेवढं विचारून घ्या. दालचिनी लावून भाजलेला अननसही छान लागतो, पण तो बीफच्याच शेगडीवर भाजलेला असतो. त्यांना ते सांगा आणि ठरवू द्या.

सासऱ्यांना एक आवर्जून सांगा. ब्राझीलमधली नेलोर जात आपल्या आंध्रातल्या ओंगोल गुरांपासून तयार झाली, आणि आपली गीरही तिथे दुधासाठी पाळतात. पशुसंवर्धनात आयुष्य घालवलेल्या माणसाकडे यावर बोलण्यासारखं खूप असणार, तेव्हा मैत्रिणीलाही सोबत बोलवा. पोर्तुगीजमध्ये विचारपूसही तीच करेल.

गाडी नेऊ नका, पार्किंगला जागा मिळत नाही. एडिसनहून ट्रेनने नेवार्क पेन स्टेशनला उतरा, आयर्नबाउंडचा मुख्य रस्ता फेरी स्ट्रीट तिथून चालत जवळच आहे. रविवारी दुपारी गर्दी असते, सासू-सासऱ्यांना रांगेत उभं करायचं नसेल तर लवकर पोहोचा.