साइटसाठी आयकॉन घेताना

सुरुवातीलाच सगळे आयकॉन स्वतः काढायच्या फंदात पडू नका. एक चांगला मोफत संच निवडा आणि त्यालाच धरून राहा. ल्युसाइड, टॅब्लर, फेदर, कुठलाही चालेल. तिन्हींतले रेषांचे आयकॉन २४ बाय २४ पिक्सेलच्या चौकटीत, २ पिक्सेल जाडीच्या रेषेने काढलेले असतात, म्हणून एका संचातले आयकॉन शेजारी शेजारी शोभतात. एक इथून, एक तिथून उचलला की पान विस्कळीत दिसतं. कारण चटकन कळत नाही, पण डोळ्याला खुपतं.

फाइल एसव्हीजीच (SVG, आकार मजकुराच्या रूपात साठवणारा चित्राचा प्रकार) घ्या. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, घाबरू नका, आत साधा मजकूरच असतो. 'stroke'पुढे (म्हणजे रेषेच्या रंगापुढे) काळा रंग दिलेला असेल तर तिथे 'currentColor' लिहा आणि तो मजकूर थेट एचटीएमएलमध्ये टाका. मग आयकॉन आजूबाजूच्या अक्षरांचा रंग आपोआप घेतो, डार्क मोडमध्येसुद्धा. मला ही सोय फार आवडते.

परवाना मात्र वाचाच. फॉन्ट ऑसम या संचाचे मोफत आयकॉन सीसी बाय ४.० (CC BY 4.0) या परवान्याखाली आहेत, म्हणजे श्रेय द्यावं लागतं. सर्चमध्ये सापडलेलं चित्र तसंच उचलू नका.

हवा तो आयकॉन संचात नसेलच, तर इंकस्केप या चित्र काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याच चौकटीत, त्याच जाडीने काढा. फेविकॉन, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवरचं साइटचं चिन्ह, वेगळा: टॅबमध्ये तो जेमतेम १६ पिक्सेलचा दिसतो, तेव्हा एखादं ठळक अक्षर पुरे. आणि बटणात नुसताच आयकॉन असेल तर एचटीएमएलमध्ये त्याला aria-label लिहून नाव द्या, नाहीतर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला ते बटण कशाचं हे कळणारच नाही.