वर्षाची आवडती ॲनिमेशन यादी पहिल्यांदाच करताय?

आधी वर्ष कसं धरायचं ते ठरवा, निम्मे वाद तिथेच होतात. ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट मे २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, पण ब्रिटन-जर्मनीत थिएटरात लागायला मार्च २०२५ उजाडला. कुठलीही तारीख धरा, नियम मात्र सगळ्यांना एकच.

बघण्याआधी टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) बंद करा. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बरेचदा एकेक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे चित्रं १२च. ते चालू असलं की टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये नव्या फ्रेम स्वतःच घुसडतो आणि ठसक्यात मारलेला ठोसा पार लिबलिबीत होतो. मग दोष बिचाऱ्या ॲनिमेटरच्या माथी!

मालिकेचा पहिला भाग बघून भाळू नका, त्यावर जास्त मेहनत घेतलेली असते. बारा भागांची असेल तर सहावा-सातवा नीट बघा: लांबच्या शॉटमध्ये चेहरे बिघडतात का, नुसते ओठ हलतात का. स्थिर चित्र म्हणजे कामचुकारपणा असंही नाही. शांत प्रसंगात ते शोभतं, मारामारीत खटकतं.

अर्धवट राहिलेल्या मालिका पुढच्या वर्षावर ढकला. आणि प्रत्येक नावापुढे एक नेमका प्रसंग लिहा. ‘ॲनिमेशन भारी’ एवढ्यावर भागवू नका.